राऊंडच्या वेळी आई-वडिलांनी कुठं उभं राहायचं?

आजारी मुलं आणि रुग्णालय : वाचकांचे प्रश्न

या खेपेस आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. ती म्हणजे सकाळचा राऊंड, म्हणजे डॉक्टर खाटेखाटेपाशी जाऊन मुलांना बघतात ती फेरी. उत्तरं बालरोगतज्ज्ञ आणि बालविभागात काम करणाऱ्या सिस्टर यांनी मिळून दिली आहेत. पत्रलेखकांची नावं आणि रुग्णालयांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

माझी चार वर्षांची मुलगी पाच दिवस मुलांच्या आयसीयूत आहे. रात्री नवरा बाहेरच्या बाकावर थांबतो. मी धाकट्याला सासूबाईंकडे ठेवून पेडण्याहून पहिली कदंब बस पकडते आणि नऊच्या आत पोचते. नेमकं तेव्हाच वॉचमन सगळ्यांना बाहेर काढतो, 'राऊंड चालू आहे' म्हणून. अकराला आत घेतात तोवर मोठे डॉक्टर निघून गेलेले असतात. राऊंडला थांबू द्या म्हणायचा आम्हाला अधिकार आहे का?
— एक आई, पेडणे

ताई, यात दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या धरा. मुलीला काय झालंय, कोणते उपचार चाललेत, त्यातले धोके काय आणि खर्च किती, हे समजून घेण्याचा अधिकार तुम्हाला नक्की आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो स्पष्ट लिहिलेला आहे. राऊंड चालू असताना खाटेशी उभं राहणं मात्र त्या त्या विभागाच्या शिस्तीवर ठरतं. तेव्हा हक्काची भाषा माहितीसाठी राखून ठेवा आणि राऊंडसाठी विनंती करा.

विनंती वॉचमनला करून उपयोग नाही, त्याला जे सांगितलंय ते तो करतो. घाईत चाललेल्या मोठ्या डॉक्टरांना दारात अडवण्यातही अर्थ नाही. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान विभाग जरा शांत असतो. तेव्हा इन्चार्ज सिस्टरना गाठा आणि नेमकं सांगा: 'उद्या आमच्या बेडवर राऊंड येईल तेव्हा आमच्यातल्या एकाला पाच मिनिटं उभं राहू द्या. मध्ये बोलणार नाही, विचाराल तेव्हाच सांगेन.' एकच माणूस, एकच बेड, पाच मिनिटं. एवढं मोजकं मागितलं की नाही म्हणणं अवघड जातं. तरीही नकार आला तर राऊंड संपल्यावर दहा मिनिटांची ठरलेली वेळ मागा. कोणते डॉक्टर भेटणार आणि किती वाजता, हे दोन्ही विचारून घ्या. 'नंतर भेटा' ही वेळ नव्हे.

आता तुमच्या थांबण्यानं मुलीला काय मिळतं ते पाहू. पाच दिवसांत तिच्याजवळचे ड्युटी डॉक्टर अनेकदा बदलले असतील आणि सिस्टर तर दर पाळीला बदलतात. पहिल्या दिवसापासून सलग तिला पाहणारे तुम्ही दोघंच आहात. केसपेपरवर न येणाऱ्या काही गोष्टी फक्त तुमच्याकडे असतात. दाखल करण्याआधी घरी काय दिलं होतं, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची. तापाच्या एकाच औषधाचं बघा. पॅरासिटामॉलच्या थेंबांत सहसा १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर १२५च्या (म्हणजे ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमच्या) सिरपमध्ये तेवढं औषध ४ मिलीत येतं. 'एक मिली दिलं होतं' हे दोन घरांतून आलेलं वाक्य चौपट वेगळं असू शकतं. म्हणून घरची बाटलीच पिशवीत घालून न्या.

दुसरी गोष्ट वजनाची. मुलांचं जवळजवळ प्रत्येक औषध किलोवर मोजतात. मुलगी १२ किलोची असताना कागदावर २१ पडलं तर त्या दिवसाचे सगळे हिशेब चुकतात. तुमचा आकडा लसीकरणाच्या कार्डावर असतो, तो ताडून पाहा. तिसरी गोष्ट तिच्या नेहमीच्या स्वभावाची. शांत पडून राहणं एखाद्या मुलीचा स्वभाव असतो, तर दुसरीच्या बाबतीत तीच धोक्याची खूण असते. तिला पहिल्यांदाच पाहणाऱ्या डॉक्टरांना ते कळणार कुठून?

मला राऊंडला उभं राहू दिलं, पण सगळं इंग्रजीत चाललं होतं. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी 'स्टेबल आहे' म्हणून पाठीवर थाप मारली आणि पुढे गेले. घरी फोन करून काय सांगायचं तेच सुचेना. प्रश्न विचारले तर चिडतील अशी भीती वाटते.
— एक वडील, सत्तरी

'स्टेबल' म्हणजे बरा होत आलाय असं धरू नका. कालच्यापेक्षा बिघडलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. व्हेंटिलेटरवरचं मूलही स्टेबल असू शकतं. कानावर पडणारे आणखी काही शब्द सांगून ठेवतो. 'सपोर्ट कमी करतोय' म्हणजे व्हेंटिलेटर किंवा रक्तदाबाचं औषध थोडं थोडं उतरवताहेत. ही सहसा चांगली खूण. 'एनपीओ' म्हणजे तोंडावाटे पाण्याचा घोटसुद्धा नाही. 'कल्चर पाठवलंय' म्हणजे रक्तात किंवा लघवीत जंतू वाढतात का ते बघायला दिलंय. त्याला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा संध्याकाळी रिपोर्ट मागून वाद घालू नका. 'इनपुट-आउटपुट' म्हणजे पोटात आणि शिरेतून किती गेलं, लघवीवाटे किती बाहेर पडलं.

आणि 'वॉच करू'. हे ऐकलं की जरूर विचारा: 'काय बघणार, आणि किती झालं तर काय करणार?'

पावसाळ्यात डेंग्यूच्या मुलांबाबत याच शब्दावरून हमखास गैरसमज होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात कधीतरी ताप उतरतो. घरच्यांना वाटतं सुटलो, आता घरी सोडा. डॉक्टर मात्र तेव्हाच जास्त सावध होतात, कारण ताप उतरण्याच्या सुमारास रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर पाझरू लागतो आणि पुढचे २४ ते ४८ तास जोखमीचे असतात. आई-वडील प्लेटलेटचा आकडा विचारत राहतात. डॉक्टरांचं लक्ष हिमॅटोक्रिटवर (म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर), लघवीवर, पोटदुखीवर, उलट्यांवर आणि मूल सुस्तावतंय का यावर असतं. हे अर्ध्या मिनिटात मराठीत सांगितलं तर घरच्यांचा रागही जाईल, आणि पोट दुखायला लागल्याचं तेच पहिल्यांदा येऊन सांगतील.

भाषेचं म्हणाल तर सरळ म्हणा, 'डॉक्टर, मराठीत सांगा, कोंकणीतही चालेल.' डॉक्टरांना दोन्ही येत नसतील तर तिथल्या सिस्टरना समजावून द्यायला सांगा. मोठ्या भावंडाला दुभाषी करू नका. दहा-बारा वर्षांच्या पोरावर ते ओझं नको.

शाळेची साधी वही घ्या. रोज एक पान, वर तारीख. रात्री चार ओळी लिहा: झोप कशी होती, पोटात काय आणि किती गेलं, लघवी-शी किती वेळा झाली, कालच्यापेक्षा वेगळं काय दिसलं. खाली एकच प्रश्न लिहा, सर्वांत मोठा. राऊंडला या चार ओळी वाचायला पाऊण मिनिट लागतं. दहा प्रश्नांची यादी काढली तर तिसऱ्यालाच डॉक्टरांचे पाय पुढच्या बेडकडे वळतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नाही. उरलेले प्रश्न दुपारी ड्युटी डॉक्टरांना विचारा. शेवटी आपल्याला समजलं ते आपल्या शब्दांत म्हणून दाखवा: 'म्हणजे आज ऑक्सिजन कमी करून बघणार, जमलं तर संध्याकाळी नळीनं दूध सुरू करणार. बरोबर?' चुकीचं समजलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं. चिडण्याची भीतीही बरीचशी याच वाक्यानं जाते, कारण यात तक्रार नसते.

राऊंड सकाळचा. रात्री मूल बिघडतंय असं वाटलं आणि 'काही नाही हो, झोपू द्या' असं उत्तर मिळालं तर काय करायचं?
— एक वाचक, डिचोली

'बरं वाटत नाही' म्हणण्यापेक्षा मोजून सांगा. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मूल शांत असताना मोजायचे, रडताना नाही. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, याला जागतिक आरोग्य संघटना जलद श्वास म्हणते. छातीच्या खालच्या फासळ्या आत ओढल्या जातात का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का, हातपाय गार पडलेत का, हाक मारल्यावर तुमच्याकडे बघतं का, हेही पाहा. लघवी किलोला तासाला साधारण १ मिली तरी व्हायला हवी. म्हणजे १२ किलोच्या मुलाला सहा तासांत ७० मिलीच्या आसपास. डायपर असेल तर ओल्याच्या वजनातून कोऱ्याचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे एक मिली.

मग सिस्टरना सांगा: 'संध्याकाळी श्वास ३६ होते, आता ५२ आहेत. तुम्हीही एकदा मोजून लिहून ठेवता का?' लिहून ठेवा म्हटलं की प्रकरण आपोआप पुढे सरकतं. समाधान झालं नाही तर ड्युटी डॉक्टरांना बोलवायला सांगा. तेही आले नाहीत तर 'त्यांच्या वरचे आज कोण आहेत? त्यांना फोन करा' असं म्हणा. वेळा वहीत टिपा. एकानं मुलाजवळच थांबावं, दोघांनी काउंटरवर जाऊन भांडू नये.

यात संकोच नको. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडून स्वादुपिंडाला झालेल्या जखमेनंतर, रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गानं २०२१ साली दगावली. घरच्यांनी काळजी बोलून दाखवली होती, तिच्याकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही. त्यानंतर तिथे २०२४ पासून 'मार्थाचा नियम' लागू होत गेला. घरच्यांना मूल बिघडतंय वाटलं तर त्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या, तातडीच्या पथकाला ते थेट बोलावू शकतात. आपल्याकडे असा नियम नाही. निदान दाखल होतानाच 'रात्री काळजी वाटली तर कुणाला सांगायचं?' हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मी एका बालविभागात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे बारा खाटा. आई-वडिलांना राऊंडमध्ये घ्यावं असं आम्हा काही जणींना वाटतं. वरिष्ठ म्हणतात वेळ जाईल, जंतुसंसर्ग वाढेल, पालक घाबरतील आणि विद्यार्थ्यांना शिकवता येणार नाही. कुठून सुरुवात करावी?
— एक परिचारिका, फोंडा

वरिष्ठांच्या चार शंकांपैकी तीन खोट्या नाहीत. वाईट पद्धतीनं केलं तर तसंच होतं.

जंतुसंसर्गाचा मुद्दा तेवढा बाजूला ठेवा, कारण आई दिवसभर त्याच खाटेशी असते. राऊंडच्या पाच मिनिटांनी त्यात फरक पडत नाही. हाताला अल्कोहोलचं द्रावण २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर ४० ते ६० सेकंद. सर्दी, खोकला, ताप, जुलाब असलेल्यानं येऊ नये, दुसऱ्याला पाठवावं.

वेळेबद्दल बोलताना वरिष्ठांसमोर एक अभ्यास ठेवा. उत्तर अमेरिकेतल्या सात रुग्णालयांच्या बालविभागांत राऊंडची आखणी बदलून त्यात पालकांना आणि सिस्टरना ठरलेली जागा दिली. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१८ साली आलेल्या निष्कर्षांनुसार मुलांना इजा करणाऱ्या चुका ३८ टक्क्यांनी घटल्या, आणि राऊंड लांबला नाही. एकूण चुका मात्र तेवढ्याच राहिल्या, हेही लपवू नका. अतिदक्षता विभागांसाठीच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही कुटुंबाला राऊंडमध्ये सहभागाचा पर्याय द्यावा असं म्हणतात. शब्द 'पर्याय' आहे. ज्या आईला नको वाटतं तिला ओढून उभं करायचं नाही.

सुरुवात बारा खाटांवर करू नका. तीन खाटा निवडा, पालकांना राऊंडमध्ये घ्यायला अनुकूल असलेले एक डॉक्टर निवडा आणि दोन आठवडे तेवढंच करा. आदल्या संध्याकाळी पालकांना सांगा: उद्या साडेनऊ ते दहाच्या मध्ये तुमच्याकडे येऊ, दोघांपैकी जो रात्री जवळ होता त्यानं थांबा. अशी वेळ सांगितली नाही की ते नेमके चहाला गेलेले असतात. आणि पुष्कळदा रात्रभर जागी असते आई, पण राऊंडला पुढे येऊन बोलतात वडील किंवा काका. विचारायचं ते आईला.

खाटेशी क्रम असा ठेवा. आधी कोण कोण आहोत ते सांगा. पांढऱ्या कोटातली आठ माणसं खाटेभोवती उभी राहिली की कुणीही घाबरेल. मग पहिलं मिनिट पालकांचं: रात्र कशी गेली, आज सगळ्यांत जास्त काळजी कशाची? पालकांना शेवटी विचारलं तर सगळे निर्णय होऊन गेलेले असतात, मग ते 'काही नाही' म्हणतात. त्यानंतर ड्युटी डॉक्टरांनी साध्या भाषेत दोन मिनिटं मांडायचं. सिस्टरनी एक मिनिट: नळ्या कितव्या दिवसाच्या आहेत, दूध किती पचलं, लघवी किती, वेदना आहेत का. मोठ्या डॉक्टरांनी आजचा बेत आणि एक मोजता येणारं ध्येय सांगायचं. शेवटी पालकांनी ते आपल्या शब्दांत म्हणायचं, आणि खाटेशी टांगलेल्या पाटीवर सिस्टरनी तीन ओळींत लिहायचं. हे सहा-सात मिनिटांत बसतं. बारा खाटांना सव्वा ते दीड तास. ज्या खाटेवर पाटी लिहिली जात नाही तिथे दुपारी तेच प्रश्न तुमच्याकडे पाच वेळा येतात. वेळ तिथे वाचतो.

बिघडतं कुठं? पालक नुसते प्रेक्षक होऊन उभे राहतात. दोन वरिष्ठांचा मतभेद खाटेशीच रंगतो. 'कदाचित मेंदूज्वर असेल, कदाचित रक्ताचा कर्करोग' अशी सगळ्या शक्यतांची मोजणी इंग्रजीत होते आणि आईला त्यातला 'कॅन्सर' एवढाच शब्द कळतो. म्हणून शक्यतांची चर्चा आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नोत्तरांची जागा राऊंडआधी, फायली घेऊन टेबलाशी. खाटेशी शिकवायचं ते मुलाला तपासणं आणि घरच्यांशी बोलणं. 'अजून नक्की माहीत नाही, उद्या रिपोर्ट आल्यावर सांगतो' हे वाक्य रेसिडेंटना, म्हणजे शिकता शिकता ड्युटी करणाऱ्या डॉक्टरांना, वरिष्ठांसमोर म्हणता आलं पाहिजे. ते धाडस वरिष्ठांनीच द्यावं लागतं.

उघड्या वॉर्डातली सर्वांत मोठी अडचण पडद्यापलीकडच्या कानांची. शेजारच्या खाटेवर पेडण्याचे, पलीकडे दोडामार्गचे, आणि कुणीतरी कुणाच्या ओळखीतलं निघतंच. एचआयव्हीबद्दल खाटेशी चकार शब्द काढू नये. ते गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्यानंच बंधनकारक आहे. मुलाला घरात मारहाण झाल्याचा संशय, आई-वडिलांमधले वाद, आनुवंशिक आजार कुणाकडून आला, बिलाची थकबाकी, हे सगळं बाजूच्या खोलीत.

मोबाईलवर राऊंड रेकॉर्ड केला तर चालेल का? केसपेपरची प्रत मागितली तर देतात का?
— एक वाचक, मडगाव

न विचारता रेकॉर्ड करू नका. मागे दुसऱ्यांची मुलं दिसतात, आणि रेकॉर्डिंग चालू आहे म्हटल्यावर डॉक्टर मोजकंच बोलतात. शेवटचा बेत तेवढा पुन्हा सांगून ऑडिओ घेऊ का, असं विचारा. पुष्कळजण हो म्हणतात. केसपेपरची प्रत मात्र लेखी अर्जानं मिळते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत ती द्यायची असते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

नातू सात महिन्यांत जन्मला, वजन १२०० ग्रॅम. नवजात विभागात ठेवलाय. सुनेला घरी सोडलं. आता आम्ही काचेतून बघण्याशिवाय काय करणार?
— एक आजी, काणकोण

आजी, करण्यासारखं बरंच आहे. नवजात विभागात कुटुंबाला बाळाच्या देखभालीत सामील करून घ्यावं, अशा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना २०१७ पासून आहेत. 'आम्हाला बाळाची काळजी घ्यायला शिकवा' असं तिथल्या सिस्टरना म्हणा.

पहिलं काम दुधाचं. सुनेनं दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, चोवीस तासांत आठ-दहा वेळा दूध काढावं. आपल्याकडच्या उकाड्यात ते बाहेर चार तासांवर ठेवू नये, फ्रीजमध्ये चोवीस तास चालेल. काणकोणहून न्यायचं तर बर्फाच्या डब्यात.

दुसरं काम छातीशी धरण्याचं, म्हणजे कांगारू पद्धतीचं. लहान आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हे जन्मानंतर लगेच सुरू करावं आणि दिवसात ८ ते २४ तास द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. छातीवर उभं, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला वळवून किंचित वर. वरून कापड बांधायचं. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. मंगळसूत्र काढायला सून तयार नसेल तर पाठीकडे सरकवून पिन लावा, त्यावरून तिच्याशी वाद नको. ती दमली की हे बाळाचे वडील करू शकतात, तुम्हीही करू शकता.

राऊंडला तीन आकडे विचारा: आजचं वजन किती ग्रॅम, एका वेळी दूध किती मिली, श्वास थांबण्याचे प्रकार काल किती झाले. पहिल्या आठवड्यात वजन उतरतं, त्यानं घाबरू नका. एकदा वाढायला लागलं की या वजनाच्या बाळाला दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास वाढ चांगली.

मुलगा नऊ वर्षांचा, रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू. राऊंडला डॉक्टर त्याच्यासमोरच बोलतात. तो डोळे मिटून सगळं ऐकतो. त्याच्यासमोर बोलू नका असं सांगावं का?
— आई-वडील, म्हापसा

रोजचं बोलू द्या. नऊ वर्षांच्या मुलाला आपल्याभोवती काय चाललंय ते कळतं, आणि सगळे दाराबाहेर जाऊन कुजबुजले तर तो त्याहून भयंकर काहीतरी मनात रचतो. उलट डॉक्टरांनी सुरुवात त्याच्यापासूनच करावी: रात्री झोप लागली का, तोंडातले फोड दुखतात का, आज सुई कुठल्या हाताला? हाताची निवड त्याला करू द्या.

आजार परतला, औषध लागू पडत नाही, वाचण्याची शक्यता कमी झाली, अशा बातम्या मात्र राऊंडला उभ्या उभ्या सांगायच्या नसतात. त्यासाठी वेगळी खोली, सगळे बसलेले, फोन बंद, तुम्ही दोघं, मोठे डॉक्टर आणि ओळखीच्या सिस्टर. 'काही मोठं सांगायचं असेल तर आधी आम्हाला वेगळं बोलवा, मग त्याला कसं सांगायचं ते मिळून ठरवू,' असं डॉक्टरांना आजच सांगून ठेवा आणि फाईलच्या पहिल्या पानावर तशी नोंद करायला लावा. रात्रपाळीचे डॉक्टर नवे असतात, ते तेच पान वाचतात.